मैदानावरच्या गप्पा : नऊ क्लब फिरलेला मानीश

मागच्या अंकात फुटबॉलच्या मिडफिल्डबद्दल, म्हणजे मधल्या फळीबद्दल लिहिताना पोर्तुगालच्या मानीशचं नाव ओझरतं येऊन गेलं होतं. दोन ओळींच्या वर काही लिहिलं नव्हतं, पण त्यावरच एवढे प्रश्न आलेत की या वेळचं पूर्ण पान त्यालाच द्यायचं ठरवलं. नावं-गावं कोणाची छापत नाही, नुसता तालुका लिहितो. लहान पोरांची पत्रं आहेत, म्हणून.

प्रश्न : दादा, मी अकरावीला आहे, कॉलेजच्या टीममधे मिडफिल्डला खेळतो. तुम्ही मानीशचं नाव लिहिलं म्हणून मोबाइलवर बघितलं तर क्लबची यादी संपतच नाही. टीममधले पोरं म्हणायलेत की जो कुठंच टिकला नाही तो कसला भारी, कोणाला नको होता म्हणून इकडून तिकडं ढकलला. मला तर त्याचा हॉलंडविरुद्धचा गोल लई आवडला. खरं काय आहे? (जिंतूर)

उत्तर : तुझ्या दोस्तांचं अर्ध बरोबर आहे, आधी ते सांगतो. त्याला खरंच एकदा ढकललं होतं अन् ढकलणारा त्याचा घरचाच क्लब होता. मानीश लिस्बनचा, जन्म नोव्हेंबर १९७७ चा, तिथल्याच बेनफिका क्लबाच्या पोरांमध्ये वाढलेला. तिथून त्याला अल्व्हेर्का नावाच्या छोट्या क्लबात पाठवलं, १९९६ ते ९९ तो तिथं घासत राहिला, मग परत बेनफिकात आला, खेळला, गोल केले, अन् शेवटच्या सीझनला करारावरून बिनसलं तर मेन टीममधून काढून थेट बी टीममध्ये बसवला. चोवीस वर्षांचा तयार खेळाडू अन् त्याला खालच्या टीमसोबत खेळायला लावायचं, हे आपल्याकडं जिल्ह्याच्या टीमला खेळणाऱ्या पोराला तालुक्याच्या राखीव यादीत टाकल्यासारखं आहे, आतून माणूस तुटतो.

तिथून २००२ ला पोर्तुगालच्याच पोर्टो क्लबानं त्याला एक पैसा न देता उचलला. कोच होता मोरिन्हो. हा मोरिन्हो आधी बेनफिकातही होता, २००० च्या सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, म्हणजे त्यानं या पोराला जवळून पाहिलेलं होतं. अन् मग पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते बघ. पहिल्या वर्षी पोर्तुगालची लीग, तिथला कप, अन् सेव्हिलला सेल्टिकविरुद्ध ३-२ नं युएफा कप. दुसऱ्या वर्षी परत लीग अन् २६ मे २००४ ला जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला मोनॅकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. त्याच चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला लियॉनच्या घरच्या ग्राउंडवर सामना २-२ सुटला, पोर्टोचे ते दोन्ही गोल मानीशचे. कोणाला नको होता म्हणणाऱ्यांनी तो सामना बघावा.

पण मला तुला जे सांगायचंय ते ट्रॉफ्यांचं नाही. त्या टीमची मधली फळी नीट बघ. मागं कोस्टिन्हा, पुढं डेको अन् या दोघांच्या मधे मानीश. कोस्टिन्हा जागा सोडायचा नाही, बचावफळीच्या पुढ्यात खांबासारखा उभा. तो मागं आहे याची खात्री असल्यामुळं मानीश बिनधास्त वर पळायचा, बॉक्सच्या तोंडाशी जायचा, शॉट मारायचा अन् परत यायचा. आपल्याकडं शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. औताला जुंपलेली जोडी असते त्यातला एक बैल डाव्या अंगाचा असतो, एक उजव्या अंगाचा, दोघं एकमेकांच्या चालीला चाल लावून तयार झालेले असतात, मालकाला नुसता आवाज द्यावा लागतो. त्यातला एक विकला अन् दुसरा कितीही तगडा आणून शेजारी बांधला तरी पहिले काही दिवस तास वाकडंच जातं. बैल तोच असतो, त्याची ताकद कुठं गेलेली नसते, जोडीदार बदललेला असतो.

मानीशचं अगदी हेच झालं असं मला वाटतं. २००४ च्या उन्हाळ्यात मोरिन्हो इंग्लंडच्या चेल्सीला गेला, डेको बार्सिलोनाला गेला, पोर्टोनं पुढच्या एका सीझनमध्ये तीन कोच बदलले. डिसेंबरात योकोहामाला इंटरकॉन्टिनेंटल कप, म्हणजे युरोप अन् दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधला सामना मात्र जिंकले, कोलंबियाच्या वन्स काल्डासला पेनल्टीवर हरवून, अन् सामन्याचा मानकरी मानीशच ठरला. पण घर मोडलेलं होतं. मग २००५ ला मोठा पैसा आला मॉस्कोहून, डायनॅमो मॉस्को, अन् मानीश तिकडं गेला, सोबत कोस्टिन्हा पण गेला. माझं मत विचारशील तर त्याच्या करिअरमधला चुकलेला निर्णय हा एकच. वय सत्तावीस, ऐन भराचा काळ, युरोपातल्या कोणत्याही मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली असती. जोडी सोबत होती हे खरं, पण बाकी सगळी टीम एकाच वेळी विकत आणून उभी केलेली, भाषा वेगळी, हवा वेगळी, अन् रशियाचा सीझन तेव्हा मार्च ते नोव्हेंबर चालायचा. म्हणजे बाकी युरोप हिवाळ्यात खेळायलाय अन् हा घरी बसून. पुढं वर्ल्ड कप तोंडावर. म्हणून जानेवारी २००६ ला मोरिन्होनं त्याला चेल्सीत बोलवून घेतलं. तिथं लीग जिंकली, पण मिडफिल्डला लॅम्पार्ड, मॅकेलेले, एसियन असल्यावर जागा कुठली मिळते, थोडेच सामने मिळाले अन् वेस्ट हॅमविरुद्ध तर विसाव्या मिनिटाच्या आतच रेड कार्ड.

आता याच्या दोनच महिन्यांनी काय झालं ते महत्त्वाचं आहे. जर्मनीत वर्ल्ड कप. पोर्तुगालच्या टीममध्ये परत कोस्टिन्हा मागं, डेको पुढं अन् मधे अठरा नंबरचा मानीश. मेक्सिकोविरुद्ध सहाव्या मिनिटाला गोल. न्यूरेम्बर्गला हॉलंडविरुद्ध तेविसाव्या मिनिटाला गोल अन् सामना १-० नं जिंकला. हा तोच सामना ज्यात १६ यलो अन् ४ रेड कार्ड दाखवले गेले, त्यात कोस्टिन्हा हाफ टाइमच्या तोंडावर बाहेर गेला, नंतर डेको पण गेला, अन् मानीश शेवटपर्यंत पळत राहिला. मॉस्कोत हरवलेला, चेल्सीत बाकावर बसलेला माणूस दोन महिन्यांत कुठून असा खेळायला लागला? मला तरी जोडीदाराशिवाय दुसरं कारण दिसत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. २००६ ते ०९ अॅटलेटिको माद्रिद, मधे जानेवारी २००८ पासून सहा महिने इंटर मिलान अन् तिथं इटलीची लीग जिंकली, पण त्याच उन्हाळ्यात देशाच्या युरो कपच्या टीममधून नाव गळालं. मग एक वर्ष जर्मनीत कोलोन अन् शेवटी २०१०-११ लिस्बनच्याच स्पोर्टिंगला. नऊ क्लब, सहा देश. पोर्तुगालचे तिन्ही मोठे क्लब, बेनफिका, पोर्टो अन् स्पोर्टिंग, या तिघांकडून खेळलेली माणसं फार थोडी आहेत, तिथं या तिघांचं एकमेकांशी किती वैर आहे ते तुला माहीत असेलच. देशासाठी ५२ सामने, ७ गोल. अन् स्पोर्टिंगला त्याला घेतलं तेव्हा तिथं फुटबॉल डायरेक्टर कोण होता माहितीय का? कोस्टिन्हा. पुढं २०१३ ला पासोस दे फेरेरा नावाच्या क्लबात कोस्टिन्हा हेड कोच झाला तर असिस्टंट म्हणून शेजारी मानीश.

म्हणून दोस्तांना सांग, क्लब मोजू नका, शेजारी कोण होतं ते बघा. अन् तू पण उद्यापासून बघ, तुझ्या टीममध्ये तुझ्या मागं कोण उभा राहतो. त्याला विश्वासात घे, त्याच्याशी बोल, ग्राउंडवर अन् ग्राउंडच्या बाहेर पण.

प्रश्न : सर, कॉमेंट्रीमध्ये त्याचं नाव ऐकताना आपल्याकडच्या मनीषसारखं ऐकू येतं. पोर्तुगालमध्ये पण असं नाव असतं का? माझ्या भावाचं नाव मनीष आहे म्हणून विचारते. (वसमत)

उत्तर : नाही ताई, हे त्याचं खरं नावच नाही. कागदावरचं नाव नुनो रिकार्डो द ऑलिव्हेरा रिबेरो. १९८० च्या दशकात बेनफिकाला मायकेल मानीश नावाचा डेन्मार्कचा एक स्ट्रायकर होता, चांगला उंच, धिप्पाड अन् गोऱ्या केसांचा, त्याच्यावरून या पोराला लहानपणी ते नाव पडलं अन् चिकटलं ते कायमचंच, जर्सीवर पण तेच छापलं. आपल्याकडं नाही का, गावात एखाद्याला शाळेत पडलेलं नाव पुढं लग्नपत्रिकेत पण कंसात छापावं लागतं, तसं. भावाला सांगा, नाव जुळलंय ते चांगलंच आहे. त्याचा सख्खा भाऊ जॉर्ज रिबेरो पण फुटबॉलपटूच होता अन् पोर्तुगालकडून खेळला.

प्रश्न : महोदय, मी प्राथमिक शिक्षक आहे. मुलांना सांगताना अडचण होते. खेळाडू 'लोनवर' गेला म्हणजे नेमकं काय? कर्ज तर पैशाचं असतं, माणसाचं कसं? (औसा)

उत्तर : गुरुजी, तुमच्या खात्यातलाच शब्द देतो, प्रतिनियुक्ती. मूळ आस्थापना एका शाळेवर, हजेरी दुसऱ्या शाळेवर. मुदत संपली की परत मूळ जागी हजर व्हायचं. फुटबॉलमध्ये अगदी तसंच आहे, करार मूळ क्लबाशीच राहतो, खेळायचं दुसरीकडं, अन् पगार कोणी किती द्यायचा ते दोन क्लब बसून ठरवतात, कधी अर्धा-अर्धा, कधी पूर्ण नव्यानं द्यायचा. काही वेळा मुदतीनंतर कायमचं विकत घ्यायची मुभा पण कागदात लिहून ठेवतात.

मानीशच्या आयुष्यात असं तीनदा झालं अन् तिन्ही वेळा कारण वेगळं होतं, मुलांना हेच उदाहरण सांगा म्हणजे लगेच कळेल. अल्व्हेर्काला पाठवला तो शिकायला, नवीन शिक्षकाला आधी लांबच्या वाडी-वस्तीवरच्या शाळेत पाठवावं तसं, तिथं रोज तास घ्यायला मिळतात, चुका करायला मिळतात. अल्व्हेर्का १९९८ ला वरच्या लीगमध्ये आला तेव्हा हा त्या टीममध्ये होता, म्हणजे ती वर्षं वाया गेली नाहीत. चेल्सीला गेला तो वर्ल्ड कपच्या आधी पाय चालते ठेवायला. अन् इंटरला गेला तेव्हा माद्रिदला कोचशी पटत नव्हतं म्हणून, ही तिसरी प्रतिनियुक्ती कशी असते ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. इंटरला तो युव्हेंटसविरुद्ध गोल मारून आला, सामना मात्र हरले.

अजून एक, मुलं हमखास विचारतील म्हणून. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवर गेलेल्या खेळाडूला आपल्या मूळ क्लबाविरुद्ध खेळता येत नाही. बाकी ठिकाणी ते करारावर अन् तिथल्या नियमावर असतं.

प्रश्न : दादा, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. इथल्या क्लबात चार वर्षं खेळला, कोच चांगले आहेत पण सामनेच होत नाहीत, वर्षातून दोन-तीन स्पर्धा. आता पुण्याच्या एका अकॅडमीतून फोन आलाय, हॉस्टेल आहे म्हणतात, फी पण बरीच आहे. पुढच्या वर्षी दहावी. त्याचे वडील म्हणतात जाऊ दे, माझं मन होत नाही. काय करावं? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मन होत नाही ते साहजिक आहे, पंधरा वर्षांचं लेकरू आहे ते. अन् पोराची तळमळ पण खरी आहे, सामनेच नसले तर नुसती प्रॅक्टिस करून खेळाडू होत नाही.

वर मी मानीशचे दोन निर्णय लिहिले आहेत, ते तुमच्यासाठी परत सांगतो. २००२ ला तो पोर्टोला गेला तेव्हा त्याला कोच ओळखत होता, कुठं खेळवायचं ते ठरलेलं होतं. २००५ ला मॉस्कोला गेला तेव्हा पैसा ठरलेला होता. पहिल्या जाण्यानं त्याचं आयुष्य बदललं. एवढंच तुमच्या पोराला लावून बघा. अकॅडमीवाल्यांना फोन करून फीच्या आधी हे विचारा की माझ्या मुलाला खेळताना तुमच्यापैकी कोणी बघितलंय का, बघितलं असेल तर कुठल्या सामन्यात, अन् तो कुठल्या जागेवर खेळतो. याचं उत्तर देता आलं नाही तर त्यांना तुमचं लेकरू नाही, फी पाहिजे. मग विचारा वयोगटाच्या टीममध्ये किती पोरं आहेत. एका टीममध्ये चाळीस पोरं असली तर तिकडं जाऊन पण तो बाकावरच बसणार, मग इथं घरचं खाऊन बसलेला काय वाईट. मागच्या वर्षी त्यांच्या त्या वयाच्या टीमनं पुण्याच्या लीगमध्ये किती सामने खेळले, ते विचारा. अन् हे सगळं फोनवर नाही, एक दिवस सकाळी एसटीनं पुण्याला जा, न सांगता जा, संध्याकाळची प्रॅक्टिस कडेला उभं राहून बघा, हॉस्टेलचं जेवण बघा, संडास-बाथरूम बघा, तिथं आपल्याकडची दोन पोरं असतील तर त्यांच्याशी बाजूला घेऊन बोला. पोरं खरं सांगतात.

कागदाचं पण सांगतो कारण इथं आपली माणसं फसतात. मुलाचं रजिस्ट्रेशन ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीच्या सिस्टीममध्ये कुठल्या क्लबाच्या नावावर आहे ते आधी बघून घ्या. जुन्या क्लबाच्या नावावर असेल तर बदलून घ्यावं लागतं, नाहीतर पोरगं तिकडं जाऊन बसायचं अन् सामन्याच्या दिवशी कळायचं की नावच नाही. जन्माचा दाखला अन् शाळेचा दाखला यांच्यातली तारीख जुळते का ते आत्ताच तपासा. माझ्या ओळखीच्या एका पोराची एका दिवसाची तफावत होती, क्लार्कनं लिहिताना चुकलेली, अन् त्यासाठी पूर्ण सीझन गेला. मी स्वतः त्याच्यासोबत तीन वेळा चकरा मारल्यात.

दहावीचं म्हणाल तर मी असतो तर परीक्षा होऊ दिली असती अन् एप्रिलमध्ये पाठवलं असतं. मानीश वयाच्या चोवीस-पंचवीसला खऱ्या अर्थानं उभा राहिला, पंधरा ते सोळा या एका वर्षानं काही बिघडत नाही. तोवर तुमच्याकडचे कोच, लातूरचे अन् बीडचे क्लब मिळून दर रविवारी एक सामना ठेवता येतो का बघा. संभाजीनगरला आमखास मैदानावर फुटबॉल वर्षानुवर्षं चालतो, तिथल्या क्लबांना एक फोन केला तर दोन मित्रत्वाचे सामने सहज मिळतील. यात माझी काही मदत लागली तर मासिकाच्या पत्त्यावर लिहा, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.

प्रश्न : भाऊ, तो हॉलंडविरुद्धचा २००४ चा गोल प्रॅक्टिसनं जमतो का नशिबानं? आमच्याकडं ग्राउंड म्हणजे काळी माती. (सेलू)

उत्तर : तो गोल मी लाइव्ह बघितलाय. ३० जून २००४ ची युरो कपची सेमीफायनल, आपल्याकडं रात्रीचे सव्वाबारा वाजून गेलेले, संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, एका मित्राच्या रूमवर आठ जण एका चौदा इंची टीव्हीसमोर. हाफ टाइमनंतर लाइट गेली, आम्ही सगळे गॅलरीत येऊन नुसते उभे, अन् आली ती नेमकी वेळेवर. पोर्तुगाल १-० नं पुढं, रोनाल्डोनं हेडर मारलेला. अठ्ठावन्नावं मिनिट. डावीकडून कॉर्नर होता, तो उंच न मारता शॉर्ट, म्हणजे जवळच्या साथीदाराला पास देऊन घेतला अन् बॉल आला मानीशकडं, पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्याशी. त्यानं एक टच घेतला अन् उजव्या पायानं असा फिरवून मारला की बॉल आधी बाहेर चाललाय असं वाटलं, मग आत वळला, लांबच्या पोलला लागला अन् जाळीत. हॉलंडचा गोलकीपर फान डेर सार पूर्ण लांब झाला तरी हात पोचला नाही. कोणी ओरडलंच नाही आमच्यात पहिले दोन सेकंद. नंतर खालून घरमालक ओरडले.

नशिबाचं म्हणशील तर पोलला लागून आत जायला थोडं लागतंच. पण त्या कोपऱ्यापासून लांबच्या पोलपर्यंतचं अंतर धर, बॉक्सची खोली साडेसोळा मीटर अन् रुंदी चाळीस, हिशोब केला तर जवळपास २९ मीटर भरतं. एवढ्या लांबून तो अंदाजानं मारलेला शॉट नव्हता.

काळ्या मातीवर पावसाळ्यात हे करू नको, बुटाला चिखल धरतो अन् टेकलेला पाय सरकतो, गुडघा जाईल. दिवाळीनंतर जमीन वाळली की भेगा पडायच्या आधीचे दोन-अडीच महिने चांगले असतात. जिथून मारायचं तिथं चार पाट्या मुरूम टाकून धुमसून घ्या, तेवढीच जागा पक्की पाहिजे, बाकी ग्राउंड कसंही असू दे. लांबच्या पोलच्या आत हातभर अंतरावर जाळीला एक जुनं पोतं बांधा, जाळी नसेल तर दोन बांबूंना. सुरुवात बारा पावलांवरून कर, २९ मीटरवरून नाही. टेकायचा पाय बॉलच्या बाजूला एक वीत, बोट पोत्याकडं, अन् उजव्या पायाच्या आतल्या कडेनं, अंगठ्याच्या मुळापाशी जो हाडाचा उंचवटा असतो तिथून, बॉलच्या उजव्या अंगाला थोडं खालून मार. मारल्यावर पाय अंगासमोरून डावीकडं आडवा गेला पाहिजे, सरळ वर गेला तर बॉल फिरणार नाही. दहातले सहा पोत्याला लागले की दोन पावलं मागं सरक, घाई करू नको. अन् एकट्यानं करू नको, कॉर्नर शॉर्ट देणारा दोस्त सोबत घे, कारण बॉल चालता आला पाहिजे, ठेवलेला बॉल मारून हा गोल येत नाही.